बरगडीखालची रेघ

११ ऑगस्ट

काम लागलं. काम काय, तर उभं राहायचं. ताईला सांगितलं तेव्हा ती इस्त्री हातात धरून बघतच राहिली, आणि भावोजी म्हणाले, बरं झालं, आजवर फुकटच उभा राहायचास.

झालं असं, की नर्सिंग कॉलेजच्या चादरी आणि ॲप्रन ताईच्या लाँड्रीत धुवायला येतात. गठ्ठे पोचवायला मी जातो. आज गठ्ठा टाकून निघालो तर दारात एक तरुण सर. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, जरा शर्ट काढतोस का? असं आजवर मला फक्त पोलिसांनी विचारलं होतं. पण यांना नमुना हवा होता. शरीरातल्या जागा चित्रावर शिकवल्या तर मुलांच्या डोक्यात राहत नाहीत, जिवंत माणसावर दाखवाव्या लागतात. आधीचा नमुना लग्न करून सुटला, त्याच्या बरगड्याच सापडेनात. माझ्या रस्त्याच्या पलीकडून मोजता येतात. नववीत शाळा सोडली तेव्हा गुरुजी म्हणाले होते, हा कॉलेजचं तोंड बघणार नाही. बघितलं की. उघड्या अंगाने बघितलं.

ताईने लगेच अट घातली. शेजारचा गाळा ती घ्यायच्या विचारात आहे. नोव्हेंबरअखेर कॉलेजची परीक्षा असते, तोवर हे एक काम धरून राहिलास तर तो गाळा तू चालवायचा, माळ्यावर राहायचं, कायमचं. मी ट्रकवर क्लीनर होतो, बंदरावर रंग खरवडला, सर्कशीत खुंट्या ठोकल्या. एक पँट झिजेपर्यंत कुठे टिकलो नाही. या वेळी टिकायचंय. पायांना सांगून ठेवलंय.

ताई म्हणाली, "टिकशील ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, तू हो फार पटकन म्हणतोस, त्याचीच भीती वाटते.

१४ ऑगस्ट

पहिला तास झाला. सरळ उभं राहायचं, पावलं पुढे, हात अंगाशी खाली सोडलेले, पण तळवे समोर. कुणीही करून बघावं. माणूस असा आयुष्यात उभा राहत नाही. खिसे उलटे करून काही नाही म्हणून दाखवल्यासारखं वाटतं. सर म्हणाले, शरीराबद्दल काहीही सांगायचं तर ते असं उभं आहे असंच धरायचं. मग तो माणूस झोपलेला असो नाहीतर झाडाला उलटा लोंबकळत असो.

डोक्याकडचं ते सुपीरियर, पायांकडचं ते इन्फीरियर. पोटाकडची बाजू अँटिरियर, पाठीकडची पोस्टिरियर. नाकावरून बेंबीवरून मधोमध एक दोरी सोडली असं समजायचं; तिच्याजवळचं ते मीडियल, लांबचं ते लॅटरल. हातापायांचं वेगळं. धडाला चिकटतात तिकडचं प्रॉक्सिमल, बोटांकडचं डिस्टल. आणि उताण्याला सुपाइन म्हणतात, पालथ्याला प्रोन. याला कॉलेज कशाला पाहिजे? पाळण्यातल्या पोराच्या आईलाही हे येतं.

पण बाकीचं मला फार आवडलं. जन्मभर लोकांना पत्ते विचारत फिरलो. डावीकडे वळा म्हणतात, पण कुणाच्या डावीकडे ते सांगत नाहीत. इथे डावं म्हणजे माझं डावं. समोर तीस पोरं उभी, त्यांची तीस डावी एका बाजूला आणि माझं एकटं दुसऱ्या बाजूला, तरी माझंच खरं धरतात. असा मान कुठे मिळाला होता?

कोपऱ्यात सांगाडा आहे. कुणीतरी त्याला लोकरीची टोपी घातली आहे. सरांना विचारलं, याला थंडी कुठल्या बाजूने वाजते? ते हसले नाहीत. पोरं हसली.

२० ऑगस्ट

घरात सगळ्यांना छळतोय. ताईला म्हटलं, चहा माझ्या लॅटरल बाजूला ठेव, मीडियलला ठेवलास तर सांडेल. भावोजी म्हणाले, आमच्या वेळी मेहुण्याच्या कानाखाली वाजवायचे, त्या जागेला काय म्हणतात? मी जागा बरोबर सांगितली. ते म्हणाले, वाया नाही गेला पोरगा.

कॉलेजात माझी ओळख वाढली आहे. एक मुलगी आहे, बारीक, टोकदार, कुणी चुकलं की तिथल्या तिथे टोचते. तिला सगळे टाचणी म्हणतात. आज ती खुद्द सरांना म्हणाली, सर, तुम्ही प्रॉक्सिमल म्हणालात, ते डिस्टल आहे. सर लाल झाले. पुस्तक उघडलं तर हिचंच खरं. सरांना ती आवडत नाही हे आंधळ्यालाही दिसेल.

रंगकाम करायचो त्या बंदरात एक बोट होती, तिचं नाव खरवडून नवीन लिहायचं काम मला दिलं होतं आणि मी ते अर्धं टाकून पळालो. तिचं नाव आता अर्धं जुनं, अर्धं नवं असेल. हे आत्ता का आठवलं कोण जाणे.

२ सप्टेंबर

आज पोटावर. टेबलावर उताणा, म्हणजे सुपाइन. पोटावर उभ्या दोन रेघा, आडव्या दोन, म्हणजे नऊ घरं होतात. प्रत्येक घरात कोण राहतं ते पोरांनी सांगायचं. मला घाम फार येतो, त्यामुळे कॉलेजच्या पेनाच्या रेघा फासल्या गेल्या. माझ्या खिशात लाँड्रीचं खुणेचं पेन होतं. चादरीच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाची खूण करायची शाई असते ना, ती. उकळलं तरी निघत नाही. ते दिलं. सर खूश झाले.

उजवीकडच्या वरच्या घरात, बरगड्यांच्या मागे, लिव्हर. ते सहसा हाताला लागत नाही, पण बारीक माणसाने दीर्घ श्वास घेतला तर कड बोटाला टेकते म्हणे. पोरं एकेक करून चाचपून गेली. मला गुदगुल्या होतात हे कुणाला सांगायचं? कुणालाच काही सापडेना. मग टाचणी आली, हात चोळून गरम केले (ही एकटीच करते), म्हणाली, श्वास घ्या. आणि म्हणाली, लागली. बरगडीच्या काठाला इन्फीरियर, जेमतेम बोटभर. सरांनी बघितलं. म्हणाले, हो, काडीसारख्या बारीक माणसात लागते कधी. टाचणीने त्या कडेवर माझ्या पेनाने रेघ मारली.

घरी आल्यावर भावोजींनी ती बघितली. म्हणाले, आता हरवलास तरी गठ्ठ्यातून परत येशील.

१० सप्टेंबर

उजवा खांदा दुखतोय. उभं राहून असेल. ताई म्हणते, गठ्ठे एकाच खांद्यावर घेतोस म्हणून. पण गठ्ठे मी डाव्यावर घेतो. हे तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ती तेल लावायला बसते आणि दुकान तसंच राहतं.

जेवण जात नाही. ताईला वाटतं तिच्या हाताची चव गेली. दोनदा विचारलं, मीठ जास्त झालं का?

१७ सप्टेंबर

आज एस्टेट ऑफिसच्या चौकात एक लाल बस उभी होती, तिच्यावर पाटीच नव्हती. ड्रायव्हरला विचारलं, कुठे जाते? म्हणाला, पाटी लावीन तिकडे. मी तिथे अर्धा तास उभा होतो. पाटी लावली असती तर चढलो असतो बहुतेक. मग ताईचा चेहरा आठवला. टिकायचंय. हल्ली दमतोही फार, म्हणजे पळायचं म्हटलं तरी अंगात पाहिजे ना.

पँट विचित्र झाली आहे. मांड्यांवर ढगळ, पोटावर घट्ट. धुऊन आटली म्हणावं तर धुणारे आम्हीच.

२२ सप्टेंबर

आज वाईट वाटलं.

उजळणी होती. पुन्हा पोट, पुन्हा उताणा. पहिल्याच मुलाला, ज्याला मागच्या वेळी बेंबीसुद्धा शोधावी लागली होती, त्याला झटक्यात कड सापडली. सरांनी स्वतः हात ठेवला. म्हणाले, बरोबर. आणि रेघ मारली. तर टाचणीची जुनी रेघ अजून पुसट दिसत होती (लाँड्रीची शाई, सांगितलं ना), आणि ही नवी तिच्या चांगली दोन बोटं खाली.

सर म्हणाले, ही वरची कुणाची? टाचणी म्हणाली, माझी. सर म्हणाले, दोन बोटं चुकलीस, एवढ्यात माणूस मरतो, तुझे त्या दिवशीचे मार्क कापतो. ती म्हणाली की तेव्हा तिथेच लागली होती, तुम्हीही बघितली होती. तेव्हा सर म्हणाले, "मग काय, लिव्हर चालत खाली आलं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. उताणा पडून हसलं की पोट हलतं आणि सगळी नऊ घरं हलतात, त्याने पोरं आणखी हसली. टाचणी तेवढी हसत नव्हती. ती माझ्या पोटाकडे बघत होती, दोन रेघांच्या मधल्या जागेकडे.

बिचारी. हुशार आहे पण एखाद वेळी चुकतं माणूस. मी तिला नंतर म्हणालो, मनाला लावून घेऊ नका, मी तर नववीत सगळ्याच विषयांत चुकलो होतो.

२४ सप्टेंबर

हे लिहू की नको? लिहितो. वही माझीच आहे.

टाचणीने मला आज जिन्यात गाठलं. आधी इकडेतिकडे बघितलं. मग विचारायला लागली: जेवण जातं का? झोप लागते का? वजन कमी झालंय का? पँट कुठे घट्ट होते? कुठे दुखतं का? मी म्हटलं, खांदा. कुठला? उजवा. तर तिने माझ्याकडे असं बघितलं, की आजवर कुठल्या मुलीने बघितलं नाही. जेवलास का असं आईनंतर फक्त ताईने विचारलंय. माझ्या छातीत धडधडायला लागलं. शर्ट धुतलेला होता हे नशीब.

म्हणाली, पुन्हा एकदा बघू का? रिकाम्या वर्गात सांगाड्याशेजारच्या टेबलावर झोपलो. दार तिने उघडं ठेवलं. तिने चाचपलं नाही, एक बोट पोटावर ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने टकटक करत खालून वर आली. पोकळ, पोकळ, पोकळ, मग आवाज बसला. भिंतीत खिळा ठोकायच्या आधी वीट शोधतात तसं. तिथे थांबली. पुन्हा केलं. मग माझा शर्ट तिने स्वतः खाली ओढला.

"दोन्ही रेघा बरोबर आहेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, वा, म्हणजे तुमचे मार्क परत मिळणार. मी सांगतो सरांना, साक्षीदार म्हणून पोट दाखवतो. ती म्हणाली की मी मार्कांचं म्हणत नाहीये. मग म्हणाली, उद्या मोठ्या बाई येतील तेव्हा थांबाल का, प्लीज.

मोठ्या बाई म्हणजे प्राचार्य. मला वाटतं, तिला त्यांच्यासमोर सरांना खोटं पाडायचंय. पाडू दे. थांबेन की. घरी येताना शिट्टी वाजवत आलो. जिना चढताना मात्र दोनदा बसावं लागलं.

२५ सप्टेंबर

मोठ्या बाईंचा हात ऊबदार आणि जड आहे. बराच वेळ तो माझ्या पोटावर होता. मी म्हटलं, बाई, बरगडीच्या इन्फीरियर, मध्यरेषेच्या लॅटरल. त्या म्हणाल्या, हो रे, बरोबर. पण त्यांनी स्वतः एकही शब्द वापरला नाही. माझी पापणी खाली ओढून बघितली. घरी कोण असतं ते विचारलं. सर शेजारी उभे होते आणि पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

मोठ्या दवाखान्यात जायचंय, बाई स्वतः फोन करणार आहेत. ताईला घेऊन ये म्हणाल्या.

म्हणजे माझ्यात काहीतरी दुर्मिळ निघालंय. सर्कशीत एक माणूस होता, त्याचं काळीज उजवीकडे आहे म्हणून सांगायचे. तो त्यावरच जगायचा.

३० सप्टेंबर

दवाखान्यात मजा आली, म्हणजे सुरुवातीला. पोटावर गार लगदा लावून यंत्र फिरवतात. तो माणूस म्हणाला, जरा कुशीवर. मी म्हटलं, लेफ्ट लॅटरल ना? तो म्हणाला, तुम्ही लाइनीतले का? मी म्हटलं, नमुना आहे. नंतर मोठ्या गोल यंत्रात घातलं, तिथे श्वास रोखायचा. वर्गात उभं राहायची सवय कामाला आली, हललो नाही.

मग डॉक्टरांनी ताईला एकटीला आत बोलावलं. मी बाकावर. शेजारी एक म्हातारे, मांडीवर पिंजरा, त्यात पोपट. दवाखान्यात पोपट कसा आणू दिला? ते म्हणाले, घरी याला बघायला कुणी उरलं नाही. पोपटाच्या चोचीबद्दल बोलत बसलो. सुपीरियर चोच हलते, माणसासारखी नुसती खालचीच नाही, हे मला माहीत नव्हतं.

ताई बाहेर आली आणि आधी बेसिनवर गेली. तोंड धुतलं. पदराने पुसलं, पुन्हा धुतलं. मग म्हणाली, सूज आहे आतून, गोळ्या दिल्यात. रिक्षात तिने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला नाही, पण लाज वाटली.

३ ऑक्टोबर

भावोजी बिघडलेत.

सकाळी मी उशिरा उठलो. एरवी म्हणाले असते, राजेसाहेबांची स्वारी उठली का, घंटा वाजवू? आज म्हणाले, झोप की अजून. गठ्ठा उचलायला गेलो तर हातातून काढून घेतला. पंख्याखालची त्यांची खुर्ची, जिच्यावर आजवर देवालाही बसू दिलं नसतं, ती माझ्याकडे सरकवली.

मी मुद्दाम डिवचलं. म्हटलं, भावोजी, मी काम सोडून पळायच्या विचारात आहे. ते नुसती इस्त्री फिरवत राहिले, एकाच बाहीवर.

मी आजवर कशाला घाबरलो नाही असं नाही, पण या खुर्चीला घाबरलो. बसलो नाही.

६ ऑक्टोबर

ताई कॉलेजला जाऊ नको म्हणत होती. तरी गेलो. वर्गाच्या दारातच सरांनी अडवलं, म्हणाले बाईंना भेट. नजर जमिनीवर.

बाईंनी दार लावलं आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मी सरळच विचारलं, नुसती सूज नाही हे कळलंय, जे आहे ते कुठे आहे सांगा. मला जागा कळतात. लिव्हरच्या उजव्या भागात की डाव्या? वरवर की खोल? मध्यरेषेपासून किती?

त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "बाळा, ते आता एका जागी नाहीये."

मी विचारलं, सुपीरियर की इन्फीरियर? म्हणाल्या, दोन्हीकडे. लिव्हरमध्ये खूप ठिकाणी, आणि वर छातीत गेलंय, आणि मणक्यात. मी विचारलं कापून काढता नाही येणार? म्हणाल्या, नाही. औषध? दुखू नये म्हणून देतील. मग मी विचारलं की किती. त्यांनी मला आकडा सांगितला नाही, पण परीक्षेपर्यंत मी उभा राहीन का असं विचारलं तेव्हा मान हलवली. बाजूला हलवली.

मी म्हटलं, मग जमेल तोवर तरी उभा राहतो. शिकता येईल त्यांना. आता तर हात लावला की कुणालाही सापडतं. त्या म्हणाल्या की नियम आहे, नमुना निरोगी पाहिजे. आजारी माणूस इथे पेशंट म्हणून येतो, नमुना म्हणून नाही. हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते, पण नियम तो नियम.

म्हणजे काम गेलं. मी न सोडता गेलेलं हे पहिलंच काम.

बाहेर आलो तर टाचणी जिन्यात बसलेली. तिने विचारलं, सांगितलं का? मी हो म्हटलं. त्या दिवशी जिन्यात मला काय वाटलं होतं ते आठवलं आणि इतकी लाज वाटली की बाकी सगळं क्षणभर विसरलो.

७ ऑक्टोबर

काही नाही.

९ ऑक्टोबर

पळालो. म्हणजे पळायला गेलो.

पिशवी भरली. दोन शर्ट, गोळ्या, ही वही. ताई मागे भट्टीवर होती. बस अड्ड्यावर गेलो आणि सगळ्यात लांबच्या पाटीची बस धरली. खिडकी मिळाली. गाव सुटलं, गोदामं गेली, विटांच्या भट्ट्या गेल्या, आणि मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, ते मागे राहिलं. लाँड्रीत, कॉलेजात, त्या गोल यंत्रात कुठेतरी राहिलं, आणि मी निघालो. आजवर प्रत्येक वेळी असंच झालंय. जे नको ते मागे ठेवून निघायचं, त्याचा पत्ता बदलत नाही, माझा बदलतो.

मग बस खड्ड्यात आदळली आणि कळलं की ते बरोबर आहे. पहिल्याच थांब्याला उतरलो. उलटी झाली. एका टायरवाल्याने पाणी दिलं, म्हणाला, बस लागली का? मी म्हटलं, हो.

परतीची बस मिळेपर्यंत टायरच्या ढिगावर बसून होतो. घरी पोचलो तर भावोजी दाराशी. पिशवीकडे बघितलं आणि ती हातातून घेतली. आत ताई भांडी घासत होती. पाठ माझ्याकडे. तशीच म्हणाली, "सांगून जायचं होतंस, डबा दिला असता."

मी म्हटलं, पुढच्या वेळी. ती भांडी घासायची थांबली. मी असं बोलायला नको होतं.

१८ ऑक्टोबर

डोळे पिवळे झालेत. पोटात पाणी साठतंय, दवाखान्यात जाऊन सुईने काढून आणलं. दोन दिवस बरं वाटतं. शाईच्या रेघा कधीच गेल्या. आता लागतही नाहीत, नुसतं बघून कळतं.

एक काम मनात धरलं होतं. टाचणीचे कापलेले मार्क. रिक्षाने कॉलेजला गेलो, भावोजी बरोबर. सरांना म्हटलं, तिची रेघ त्या दिवशी बरोबर होती, हे आता तुम्हालाही माहीत आहे. ते म्हणाले, मी कधीच दुरुस्त केलेत. आणि मग नको ते बोलले. म्हणाले, त्या दोन तारखेला मीच बोट ठेवून बघितलं होतं रे, मीच म्हटलं होतं, बारीक माणसात लागते कधी. तेव्हाच पाठवलं असतं तर.

मी विचारलं, तर? ते म्हणाले, माहीत नाही. बाई म्हणतात तेव्हाही उशीर झालाच होता. पण मला माहीत नाही.

मला त्यांची कीव आली. त्यांना हे बरीच वर्षं पुरणार. मला तेवढं नाही पुरणार.

टाचणी संध्याकाळी दुकानात आली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मार्कांचं बघून आलो. ती म्हणाली, "मी बरोबर होते, त्याने तुमचं काय भलं झालं?" मग म्हणाली, त्या दिवशी मी चुकले असते तर बरं झालं असतं. मी खूप शोधलं पण यावर मला विनोद सापडला नाही. ताईने तिला चहा दिला. तिने कपाच्या कानाला धरून तो गार होऊ दिला.

२९ ऑक्टोबर

ताईने गाळा घेतला.

मला न विचारता घेतला. मधली भिंत पाडली नाही, फक्त तिच्यात दार काढलं. गाळ्यात माझी खाट टाकली, कारण माळ्यावर मला चढवत नाही. म्हणजे अट पाळली नाही तरी गाळा मिळाला. मी तसं म्हटलं. भावोजी म्हणाले, "फुकट्या तो फुकट्याच." इतक्या दिवसांनी बोलले. फार बरं वाटलं. मग ते घाईघाईने बाहेर गेले आणि बराच वेळ शटरला तेल घालत राहिले. त्या शटरला आता महिनाभर तेल लागणार नाही.

खाटेवरून दुकानातलं सगळं दिसतं. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत नाहीत, किंवा बघून लगेच चादरी मोजतात.

५ नोव्हेंबर

हात थरथरतो. थोडक्यात लिहितो.

झोपच झोप. मध्ये जागा होतो तेव्हा वार कळत नाही. कुशीवर झालो की उजवीकडे दुखतं, डावीकडे झालो की उजवीकडचं डावीकडे ओढतं. उताणा तर श्वास नाही. पालथं होणं गेलंच. बसून झोपतो. याला कॉलेजात शब्द शिकवला नव्हता.

११ नोव्हेंबर

नर्स येऊन पट्टी लावून गेली, छातीवर चिकटवायची, त्यातून औषध झिरपतं. कॉलेजची जुनी विद्यार्थिनी आहे. म्हणाली, तुम्हाला ओळखते. नमुना होतात ना?

होतो.

१४ नोव्हेंबर

दुपारी खूप दुखलं. पाठीत, मणक्याच्या मधोमध, कमरेच्या वर चार बोटं, मीडियल, खोल. इतकं नेमकं, की नकाशावर टाचणी टोचावी.

ताई इस्त्री ठेवून धावत आली. खाटेवर बसली आणि विचारलं, कुठे रे? मला बोलता येईना. तिने मग स्वतःच शोधलं. पोटावर हात ठेवला, उजवीकडे, सगळे ठेवतात तिथे. आणि चोळायला लागली. इथे ना? इथेच ना? दिवसभर इस्त्री धरून तिचा हात भाजलेला, खरखरीत, आणि फार गरम असतो.

जागा चुकली होती. वीतभर चुकली होती, बाजूही चुकली होती, पुढची मागची.

मी म्हटलं, हो, तिथेच.